खुणांची भाषा, मोबाईल आणि प्राथमिक शिक्षक

(केंद्र संमेलनातील भाषण)



पहिलीच्या वर्गात हजेरी चालू असते. गुरुजी एकेक नाव उच्चारतात, "हजर" असे उत्तर येते आणि पुढचे नाव घेतले जाते. मध्येच एका नावाला उत्तर येत नाही. मूल तर समोरच बसलेले असते. शेजारचा मुलगा त्याला कोपराने ढोसतो, तेव्हा ते दचकून वर पाहते आणि गुरुजींच्या ओठांकडे बघत राहते. असे पुनःपुन्हा घडू लागले म्हणजे कोणी त्या मुलाला हट्टी ठरवितो, कोणी मंद ठरवितो. त्याला ऐकूच येत नाही ही गोष्ट ध्यानात यावयास कधी महिना जातो, तर कधी वर्षही जाते.

अशा मुलाविषयी पूर्वी दोन उद्गार ऐकू येत. "याला शहरातल्या खास शाळेत घाला" हा एक आणि "बसू द्या बिचाऱ्याला" हा दुसरा. अलीकडे तिसरा उद्गार ऐकू येऊ लागला आहे: "आता मोबाईलवर सर्व काही होते. खुणा वाचणारे एखादे ॲप निघालेच असेल." पहिल्या उद्गारात जबाबदारी दुसऱ्यावर ढकलली जाते आणि दुसऱ्यात ती सोडूनच दिली जाते. तिसरा उद्गार ऐकावयास बरा वाटतो. पण त्यात जबाबदारी यंत्रावर टाकलेली असते. तो अर्धा खरा आहे आणि म्हणूनच त्याची नीट तपासणी होणे अगत्याचे आहे. मोबाईलला खुणांच्या भाषेचे भाषांतर कितपत साधते, ते कोठे अडते आणि अडलेल्या ठिकाणी शिक्षकाने काय करावयाचे, एवढाच या भाषणाचा विषय आहे.

ही भाषा कोणती?

खुणांच्या भाषेविषयी तीन गैरसमज सर्वत्र आढळतात. ती म्हणजे केवळ हावभाव होत, हा पहिला. ती साऱ्या जगात एकच आहे, हा दुसरा. आणि मराठी किंवा हिंदी शब्दांना एकेक खूण लावली की ती तयार होते, हा तिसरा. हे तिन्ही समज चुकीचे आहेत.

पॅरिस येथे अठराव्या शतकात आबे द लेपे या धर्मोपदेशकाने बहिऱ्या मुलांना त्यांच्या खुणांच्या आधारे शिकविण्यास आरंभ केला. पुढे मात्र मुलांना ओठ वाचावयास व तोंडाने बोलावयास लावण्याच्या पद्धतीने जोर धरला. १८८० साली इटलीतील मिलान येथे बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. तिच्यात जवळजवळ सर्व प्रतिनिधी ऐकू येणारे होते. त्यांनी मौखिक पद्धतच श्रेष्ठ ठरविली आणि अनेक देशांतील शाळांतून खुणा हद्दपार झाल्या. मुलांनी खुणा करू नयेत म्हणून त्यांना शिक्षाही होत असे. या ठरावाबद्दल त्याच परंपरेतील परिषदेने कॅनडातील व्हँकूव्हर येथे जाहीर खेद व्यक्त केला, तो २०१० साली. मध्यंतरी एकशे तीस वर्षे गेली होती.

शास्त्रीय दृष्टीने या भाषेची बाजू प्रथम मांडली ती विल्यम स्टोको या अध्यापकाने. वॉशिंग्टन येथील बहिऱ्या विद्यार्थ्यांच्या गॅलोडेट महाविद्यालयात तो इंग्रजी शिकवीत असे. १९६० साली त्याने दाखवून दिले की, प्रत्येक खुणेचे घटक पाडता येतात: हाताचा आकार, तो शरीराजवळ कोठे धरला आहे ती जागा आणि त्याची हालचाल. यांपैकी एक घटक बदलला की, शब्दातील एक अक्षर बदलावे तसा अर्थ बदलतो. १९६५ साली दोन बहिऱ्या सहकाऱ्यांसह त्याने अमेरिकन खुणांचा कोश याच तत्त्वावर सिद्ध केला.

भारतात वापरली जाणारी भारतीय सांकेतिक भाषा ही अमेरिकन भाषेहून वेगळी आहे. अमेरिकेत बोटांनी अक्षरे दाखवितात ती एका हाताने. भारतात इंग्रजी अक्षरे दाखविताना दोन्ही हात लागतात. वाक्यरचनाही स्वतंत्र आहे. "तुझे नाव काय आहे?" या वाक्यात "आहे"ला स्वतंत्र खूण नसते आणि "काय" हा प्रश्न शेवटी येतो. "कोठे" म्हणावयाचे तर "जागा" आणि प्रश्नाची खूण, "केव्हा" म्हणावयाचे तर "वेळ" आणि तीच प्रश्नाची खूण, अशी जोडणी होते. घटना केव्हा घडली ते बहुधा वाक्याच्या आरंभी सांगितले जाते, तर नकाराची खूण वाक्याच्या शेवटी येते. ज्या भाषेला असे नियम आहेत, तिला हावभाव म्हणणे म्हणजे मराठीला नुसता आवाज म्हणण्यासारखे आहे. "मूकबधिर" हा शब्दही याच कारणाने मागे पडत आहे. ज्याला भाषा आहे, तो मुका कसा?

यंत्र खुणा कशा वाचते?

मोबाईलचा कॅमेरा साधारणतः एका सेकंदात तीस चित्रे घेतो. या चित्रांतून हात ओळखून काढावयाचा आणि त्यावर ठराविक बिंदू कल्पावयाचे, ही पहिली पायरी होय. गूगल कंपनीने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत प्रत्येक हातावर २१ बिंदू धरले जातात: मनगटाचा एक आणि प्रत्येक बोटाचे चार. हे काम साध्या मोबाईलवरही होऊ शकते. लगेच पुढच्या काळात याच पद्धतीला चेहऱ्यावरील ४६८ बिंदूंची जोड मिळाली. हे बिंदू क्षणाक्षणाला कसे सरकतात त्याची यंत्र नोंद घेते आणि पूर्वी दाखविलेल्या हजारो नमुन्यांपैकी कशाशी ही नोंद जुळते ते ठरविते.

ही कामगिरी लहान नाही. भिंतीसमोर स्वच्छ उजेडात उभे राहून एखाद्याने "शाळा", "पुस्तक", "पाणी" अशा सुट्या खुणा सावकाश केल्या, तर यंत्र त्यांतील बऱ्याच बरोबर ओळखते. वर्तमानपत्रांतून ज्या यशोगाथा येतात, त्या बहुतांशी अशा सुट्या शब्दांच्या असतात. पण सुटे शब्द ओळखणे म्हणजे भाषांतर नव्हे. पहिलीतले मूल फळ्यावरचे दहा शब्द वाचू लागले म्हणून त्याला गोष्ट समजली, असे कोणताही अनुभवी शिक्षक म्हणणार नाही.

अडचणी कोठे आहेत?

पहिली अडचण अशी की, ही भाषा एकट्या हातांची नाही. भुवया, डोळे, ओठ, मान आणि खांदे ही सर्व तिची साधने आहेत. हाताच्या त्याच खुणा करून भुवयांत फरक केला तर विधानाचा प्रश्न होतो. २०१६ साली अमेरिकेतील दोन विद्यार्थ्यांनी खुणांचे बोलण्यात रूपांतर करणारे हातमोजे तयार केले आणि त्यांना १०,००० डॉलरचे पारितोषिक मिळाले. जगभर त्यांचे कौतुक झाले. परंतु बहिऱ्या व्यक्तींनी आणि भाषातज्ज्ञांनी लगेच आक्षेप घेतला की, हातमोज्याला चेहरा कळत नाही. म्हणजे व्याकरणाचा मोठा भाग त्याच्या पलीकडेच राहतो. शिवाय मोजे घालावयाचे कोणी, तर बहिऱ्या माणसाने. ऐकू येणाऱ्याने काहीच शिकावयाचे नाही. हा दुसरा आक्षेप यंत्राच्या रचनेपेक्षा ते करणाऱ्याच्या वृत्तीवर होता आणि तो अधिक मार्मिक होता.

दुसरी अडचण ओघाची. नवशिका विद्यार्थी श्रुतलेखन घेताना दोन शब्द जोडून लिहितो, कारण बोलण्यात शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. खुणांतही ती नसते. एक खूण संपवून हात दुसरीकडे जाताना मधली जी हालचाल होते, तिला अर्थ नसतो. पण यंत्राला ती खुणेसारखीच दिसते. त्यातच हात वेगाने फिरला की चित्र पुसट होते आणि एक हात दुसऱ्याआड गेला की त्याचे बिंदू यंत्राला अंदाजाने मांडावे लागतात. भारतीय सांकेतिक भाषेत दोन्ही हात एकत्र येण्याचे प्रसंग पुष्कळ असल्यामुळे ही अडचण येथे अधिक जाणवते.

तिसरी अडचण अवकाशाची. खुणांनी बोलणारा आपल्या समोरच्या मोकळ्या जागेचा पाटीसारखा उपयोग करतो. उजवीकडे एकदा "बाई" आणि डावीकडे "मुलगा" असे दाखविले की, त्यानंतर त्या जागाच त्या व्यक्तींच्या होतात. मग "देणे" ही खूण उजवीकडून डावीकडे नेली तर बाईंनी मुलाला दिले आणि उलट नेली तर मुलाने बाईंना दिले. कर्ता, कर्म आणि क्रियापद या एका हालचालीत सामावतात. मराठीत हे काम "ने" आणि "ला" हे प्रत्यय करतात. यंत्राला ही वाक्ये नीट लावावयाची तर पाच वाक्यांपूर्वी कोणती जागा कोणाला दिली होती ते लक्षात ठेवावे लागते.

चौथी अडचण नमुन्यांच्या तुटवड्याची आणि तीच सर्वांत मोठी होय. लेखी भाषांचे भाषांतर यंत्रे बऱ्यापैकी करू लागली, याचे कारण त्यांना वाचावयास कोट्यवधी वाक्ये मिळाली. खुणांच्या भाषेला सर्वमान्य लिपी नाही, त्यामुळे ग्रंथ नाहीत, वर्तमानपत्रे नाहीत, पत्रे नाहीत. प्रत्येक नमुना चित्रफितीवर घ्यावा लागतो आणि जाणकाराला त्याचा अर्थ लिहून काढावा लागतो. जर्मनीत दूरचित्रवाणीवरील हवामानवृत्त खुणांतही सांगितले जात असे. त्यातील ८,२५७ वाक्ये घेऊन २०१८ साली खुणांवरून थेट लेखी वाक्य काढण्याचे प्रसिद्ध प्रयोग झाले. त्यांत खुणा करणाऱ्या व्यक्ती ९ आणि जर्मन शब्द तीन हजारांहूनही कमी. एवढ्या भांडवलावर उभे राहिलेले यंत्र पाऊस, वारा आणि थंडी यांविषयी थोडेफार बोलेल. पोटदुखीविषयी किंवा अपूर्णांकांविषयी त्याने काय बोलावे? भारतीय सांकेतिक भाषेचा "इन्क्लूड" नावाचा संग्रह २०२० साली प्रसिद्ध झाला, त्यात २६३ शब्दांच्या ४,२८७ चित्रफिती होत्या. २०२३ साली मुख्यतः शैक्षणिक चित्रफितींतून सुमारे ३१,००० वाक्यांचा दुसरा संग्रह पुढे आला. परंतु त्यातील भाषांतर इंग्रजीत आहे. मराठीपर्यंतची वाट याहूनही लांब आहे.

पाचवी अडचण अगदी व्यवहारातली. खुणा करण्यास दोन्ही हात लागतात; मग मोबाईल धरावयाचा कोणी? तो टेकवून ठेवावा तर मूल चौकटीबाहेर जाते. खेड्यातील वर्गखोलीत उजेड बहुधा दारातून येतो. मूल दाराकडे पाठ करून बसले की त्याचा चेहरा काळा दिसतो. लहान मुलाच्या खुणा मोठ्या माणसासारख्या रेखीव नसतात आणि यंत्राला दाखविलेले नमुने बहुतेक मोठ्यांचेच असतात. डावखुऱ्या मुलाच्या खुणा उलट बाजूने येतात. त्यात वीज, जाळ्याचा संपर्क आणि बॅटरी यांची अडचण शिक्षकांना सांगावयास नको.

उलट दिशेचे भाषांतर, म्हणजे मराठी बोलण्यावरून खुणा दाखविणे, हेही सोपे नाही. पडद्यावर एक चितारलेली आकृती खुणा करून दाखविते, अशी ॲप अनेक देशांत निघाली आहेत. ब्राझीलमध्ये "ह्यूगो" नावाची अशी आकृती लोकप्रिय आहे. परंतु आकृतीचा चेहरा निर्विकार असला आणि खुणा बोलभाषेच्या शब्दक्रमाने आल्या, तर बहिऱ्या माणसाला ते वाचणे कष्टाचे होते. जागतिक बधिर संघाने आणि सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांच्या जागतिक संघटनेने २०१८ साली संयुक्त निवेदन काढून सांगितले की, अशा आकृती माणसाची जागा घेऊ शकत नाहीत. ठराविक, आधी तयार करून तपासलेल्या मजकुरापुरताच त्यांचा उपयोग करावा.

एका वाक्याची गोष्ट

या अडचणी केवळ पांडित्याच्या नव्हेत, हे एका उदाहरणावरून दिसून येईल. समजा, तिसरीतील एका बहिऱ्या मुलीला दुपारी ताप आला. बाईंनी मोबाईल तिच्यासमोर धरला आणि सकाळी औषध घेतलेस का, असे विचारले. मुलीने खुणा केल्या: "सकाळ, औषध, घेणे, नाही." नकार शेवटी आला. तोवर तिचा हात चौकटीबाहेर गेला होता, किंवा खूण आखूड झाली होती, म्हणून यंत्राला शेवटची खूण दिसली नाही. पडद्यावर अक्षरे उमटली: "सकाळी औषध घेतले." वाक्य शुद्ध, अक्षरे ठळक, अर्थ नेमका उलट.

अडखळत बोलणाऱ्या माणसाची चूक लक्षात येते, कारण तो अडखळतो. यंत्र चुकतानाही अडखळत नाही. हा त्याच्या चुकीचा विशेष धोका आहे. शिवाय पडद्यावर काय उमटले ते मराठीत असते आणि त्या मुलीला ते वाचता येतेच असे नाही. तेव्हा आपल्या तोंडी कोणते शब्द घातले गेले, हे तिला कळतही नाही. दुभाषी चुकला तर त्याला विचारता येते, थांबविता येते, "पुन्हा सांग" म्हणता येते. म्हणून आजारपण, तक्रार, मारहाण, शिक्षा किंवा परीक्षेचा निकाल अशा कोणत्याही बाबतीत केवळ यंत्राच्या शब्दावर विसंबणे हे शिक्षकाने वर्ज्य मानावे.

ज्याला भाषाच मिळाली नाही

या सर्वांहून खोल असा एक प्रश्न आहे. भाषांतराला दोन भाषा लागतात. एकीकडे मराठी आहे हे खरे. पण दुसरीकडे काय आहे?

बहिऱ्या मुलांपैकी दहांत नऊंहून अधिक मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात, असे अमेरिकेतील पाहणीत आढळले आहे. अशा घरांत मुलाला खुणांची भाषा जन्मतः मिळत नाही आणि मराठी ऐकू येत नाही. मग आई आणि मूल मिळून काही घरगुती खुणा तयार करतात: भाकरीची एक, आजोबांची एक, गाईची एक. या खुणा कोणत्याही कोशात नसतात. त्या त्या घराचा उंबरठा ओलांडत नाहीत. खेड्यातील शाळेत येणारे बहिरे मूल बहुधा असेच असते. त्याच्यासमोर जगातील उत्तमोत्तम यंत्र आणून ठेवले तरी ते निरुपयोगी ठरेल, कारण यंत्राला भारतीय सांकेतिक भाषा येते आणि मुलाला ती येत नाही. श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या २०११ च्या जनगणनेत ५० लाख ७१ हजार इतकी नोंदली गेली. त्यांपैकी ज्या मुलांना लहानपणी कोणतीच पूर्ण भाषा मिळत नाही, त्यांचे नुकसान केवळ अभ्यासाचे नसते. भाषा रुजण्याचा काळ बालपणाचा असतो. तो गेला की पुढे कितीही पाणी घातले तरी पीक तसे येत नाही.

मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशात याविषयी एक विलक्षण गोष्ट घडली. तेथे १९७७ नंतर राजधानी मनाग्वा येथे बहिऱ्या मुलांसाठी शाळा निघाल्या. आपापल्या घरगुती खुणा घेऊन आलेली शेकडो मुले प्रथमच एकत्र आली. शिक्षक त्यांना ओठ वाचावयास शिकवीत होते आणि त्यात फारसे यश येत नव्हते. पण मैदानावर आणि शाळेच्या गाडीत मुलांचे आपसात खुणांनी बोलणे सुरू झाले. पाठोपाठ आलेल्या लहान मुलांनी त्या खुणांना नियम दिले, आकार दिला आणि काही वर्षांतच एक नवी भाषा उभी राहिली. भाषातज्ज्ञ ती पाहावयास दुरून आले. त्या मुलांपाशी कोणतेही यंत्र नव्हते. त्यांना सोबती मिळाले होते. भाषेचे बीज संगतीत रुजते, हा या गोष्टीचा बोध होय.

आज हाती काय आहे?

याचा अर्थ मोबाईल दूर ठेवावा असा मात्र नाही. भाषांतर करणारे यंत्र म्हणून तो अपुरा असला, तरी शिकण्याचे साधन म्हणून तो फार उपयोगी आहे.

केंद्र सरकारने २०१५ साली नवी दिल्ली येथे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन केले. त्या केंद्राचा खुणांचा कोश २०१८ साली ३,००० शब्दांनिशी निघाला आणि २०२१ साली तो १०,००० शब्दांचा झाला. त्याच कोशावर आधारलेले "साइन लर्न" हे ॲप २०२२ साली आले. पाठ्यपुस्तके सांकेतिक भाषेत आणण्यासाठी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेशी या केंद्राचा २०२० साली करार झाला आणि २०२४ च्या डिसेंबरात सांकेतिक भाषेसाठी पीएम ई-विद्येची स्वतंत्र दूरचित्रवाणी वाहिनी, क्रमांक ३१, सुरू झाली. या चित्रफितींत खुणा करणारी खरी माणसे असतात, त्यांचे चेहरे बोलतात आणि पाहिजे तितक्या वेळा त्या पुन्हा पाहता येतात.

मोबाईलची आणखी एक सोय बहिऱ्या लोकांनी स्वतःच हेरली. समोरासमोर दिसत बोलण्याची सोय झाल्यापासून दूरगावचे दोन बहिरे मित्र प्रथमच एकमेकांशी आपल्या भाषेत बोलू लागले. १८७६ साली दूरध्वनी काढणारा अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हा स्वतः बहिऱ्यांचा शिक्षक होता. पण त्याच्या यंत्राचा उपयोग त्याच्या विद्यार्थ्यांना झाला नाही. तो योग शतकाहून अधिक काळाने मोबाईलच्या कॅमेऱ्याने जुळवून आणला. याच मार्गाने दूर बसलेल्या दुभाष्याचीही मदत घेता येते. मराठी बोलणे अक्षरांत उतरविण्याची सोयही २०१७ पासून मोबाईलवर आहे. ज्या मुलाला वाचता येते, त्याला तिचा उपयोग होतो. मात्र "ज्याला वाचता येते" ही अट विसरता कामा नये.

शिक्षकाने काय करावे?

१. वर्गातील एखादे मूल हाकेला उत्तर देत नसेल, ओठांकडे टक लावून पाहत असेल किंवा शेजाऱ्याचे पाहून मगच वही उघडीत असेल, तर त्याला मंद म्हणण्यापूर्वी त्याची श्रवणचाचणी करवून घ्यावी. पालकांची समजूत घालून मुलाला सरकारी रुग्णालयात पाठविण्याचे काम शिक्षकाशिवाय गावात सहसा दुसरे कोणी करीत नाही.

२. त्या मुलाला पुढे, उजेडाकडे पाठ न येईल असे बसवावे. फळ्याकडे तोंड करून शिकवू नये. आधी लिहावे, मग वळून बोलावे. शिक्षकाच्या चेहऱ्यावर उजेड असावा.

३. मुलाच्या घरगुती खुणांची एक वही ठेवावी. आईला शाळेत बोलावून प्रत्येक खूण विचारावी आणि शेजारी कोशातील खूण पाहून लिहावी. मुलाची खूण खोडून काढू नये. तिच्यावरूनच पुढची खूण शिकवावी. घरच्या बोलीतून प्रमाण भाषेकडे नेण्याची रीत शिक्षकाला परिचित आहेच; ही रीत तीच.

४. रोज दोन खुणा ॲपवर पाहून साऱ्या वर्गाला शिकवाव्यात. मुलांना हा खेळ फार आवडतो. वर्षअखेर वर्गाला शे-दोनशे खुणा येऊ लागल्या तरी त्या मुलाला तीस सोबती मिळतात.

५. काही सांगून झाल्यावर "समजले का?" असे विचारून मानेच्या होकारावर समाधान मानू नये. न समजलेले मूलही मान हलविते. काय समजले ते चित्राने, कृतीने किंवा खुणांनी दाखवावयास सांगावे.

६. मुलाची चित्रफीत पालकांच्या संमतीवाचून कोणत्याही ॲपवर चढवू नये. ती कोठे जाते आणि कोण पाहते, यावर नंतर शिक्षकाचा ताबा राहत नाही.

७. समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकांशी केंद्रप्रमुखांमार्फत संपर्क ठेवावा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक तयार करण्याचे व नेमण्याचे कर्तव्य शासनावर टाकले आहे. तेव्हा त्यांची मागणी करणे हे उपकार मागणे नव्हे. तालुक्यात एखादी शिकलेली बहिरी प्रौढ व्यक्ती असेल, तर तिला शाळेत अवश्य बोलवावे. आपल्यासारखे कोणी मोठे होऊन कामधंदा करते आहे, हे त्या मुलाने एकदा डोळ्यांनी पाहणे फार मोलाचे आहे.

समारोप

खुणांचे भाषांतर करणारी यंत्रे सुधारत जातील, यात संशय नाही. नमुने वाढतील, चेहरा वाचता येईल, कदाचित मराठीही त्यांत येईल. ती घडविताना बहिऱ्या लोकांना बरोबर घेतले, तर ती लवकर आणि नीट सुधारतील. परंतु आज पहिलीत असलेले मूल तोपर्यंत थांबू शकत नाही. त्याच्या भाषेचे दिवस आताच आहेत आणि ते या वर्गात, या शिक्षकासमोर जात आहेत.

यंत्राची वाट पाहण्यात एक सोय असते. वाट पाहणाऱ्याला स्वतः काही शिकावे लागत नाही. शिक्षकाचा धर्म याहून निराळा आहे. त्याने दोन खुणा शिकाव्यात, मग चार शिकाव्यात, चुकल्या तर त्या मुलाकडूनच सुधारून घ्याव्यात. एखाद्या सकाळी हजेरी घेताना त्या मुलाच्या नावापाशी गुरुजी थांबतील, त्याच्याकडे पाहतील आणि हाताने त्याची खूण करतील. मूल हात वर करून आपण हजर असल्याचे सांगेल. कागदावर ते जूनपासूनच हजर होते. वर्गात ते त्या दिवशी हजर झाले, असे म्हणता येईल.